शेवंताआक्काचे सोळा भाग

शेवंताआक्काने वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी स्वतःचं लग्न स्वतः जमवलं. ते करताना तिने मुलगा गमावला नाही, आणि गावात मानही खाली घातली नाही. आमच्या भागात यातली एक गोष्ट जमली तरी लोक महिनाभर पारावर बोलतात. हे ती कुठं शिकली असं कुणी विचारलं, तर मी खरं तेच सांगते: कोरियन मालिकांतून. ऐकणाऱ्याला वाटतं मी चेष्टा करते. त्याने आक्काला बघितलेलं नसतं, एवढाच त्याचा दोष.

आमची ओळख कंपनीच्या बसमधली. राहूहून पहाटे निघणारी बस भीमेचा पूल ओलांडून तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर करत रांजणगावला जायची. गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही तीसेक बायका कामाला होतो. मी स्टोअरमध्ये, आणि आक्का टेपिंगच्या लाइनवर. मी बी.कॉम. झालेली असल्यामुळे मला त्या वेळी जरा शिंगं फुटलेली होती. खिडकीशी बसून मी मोबाइलवर स्पर्धा परीक्षेचे प्रश्न सोडवायची, आणि पुढं चाललेल्या गलक्याकडं नाक मुरडायची.

गलका आक्काचा असायचा. तिचा बाप मेंढरं वळायचा, आणि बसमध्ये चढणाऱ्या बायका ती त्याच्यासारखीच बोटाने मोजायची. "एक कमी हाय. ए, मागची सोनाली कुठाय?" मोजणी झाली की ती ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाच्या बॉनेटवर बायकांकडं तोंड करून बसायची. पदर खोचायची, घसा साफ करायची आणि विचारायची, "काल कुठं सोडलं हुतं?"

सगळी बस एका आवाजात सांगायची. मग आक्का कोरियन मालिकेचा पुढचा भाग सुरू करायची.

मालिका ती संध्याकाळी भाकऱ्या थापताना बघायची. पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवलेला, आणि स्क्रीनवर कायम पिठाची बोटं उमटलेली. डबिंग हिंदी, सांगणं मराठी, आणि माणसं मात्र आमच्या तालुक्यातली. कोरियन नावं तिच्या जिभेवर टिकत नसत, म्हणून तिने ती कायमची बदलून टाकली होती. कुठल्याही मालिकेत नायिका मंगल. नायक म्हणजे साखर कारखान्याच्या चेअरमनचा थोरला पोरगा. आणि मंगलवर मनापासून जीव लावणारा, तिला घरी सोडणारा, तिचं आजारपण काढणारा पण शेवटी रिकाम्या हाताने परत जाणारा तो दुसरा, त्याचं नाव डॉक्टर. तो मालिकेत वकील असो नाहीतर आचारी, बसमध्ये डॉक्टरच. विमानतळावरची ताटातूट ती दौंड स्टेशनवर घडवायची. चेअरमनचा पोरगा अमेरिकेला न जाता बारामतीला जायचा, आणि बायकांना तेवढंही लांब वाटायचं.

शेकड्याने मालिका बघून तिने त्यांचे नियम पक्के काढून ठेवले होते. "पयल्या भागात जो अंगावर कॉफी सांडतो, त्योच नवरा." "पाठकुळी घेतलं म्हंजी जमलं." "ल्हानपणी दोघं एकदा भेटल्याली असत्यातच, फक्त त्यांला ठावं नसतं." "पांढरा ट्रक दिसला की समजायचं, आता धडक बसून कुणीतरी इसरणार हाय सगळं." आणि सगळ्यांत मोठा नियम भागांचा. मालिका सोळा भागांची. दहाव्यापर्यंत गोड चालतं, बाराव्यात सगळं बिघडतं, चौदाव्यात दोघं लांब जातात, पंधराव्यात "एक वर्षानंतर" अशी पाटी येते, आणि सोळाव्यात जुळतं. बसमधल्या बायका आपला संसारही याच मापाने मोजायला लागल्या होत्या. कुणी रडत चढली की मागून आवाज यायचा, "बाराव्यात हाय ती, तिला खिडकी द्या."

एकदा मी न राहवून म्हणाले, "आक्का, सगळ्या गोष्टी सारख्याच आहेत की. कंटाळा नाही येत?"

आक्काने माझ्याकडं शांतपणे बघितलं. "भाकरी बी रोज सारखीच असती. तू खायची सोडलीस का?"

बस हसली. मी मोबाइलमध्ये तोंड घातलं, पण त्या दिवसापासून एक कान पुढं ठेवायला लागले.

डबिंगची हिंदी तिने जशीच्या तशी उचलली होती. फोर्कलिफ्ट चालवणारा बिहारी मुलगा वाटेत गाडी लावून गेला की ती लाइनवरून उठून त्याला सांगायची, "सुनो, मैं तुम्हें आख़िरी मौक़ा दे रही हूँ." तो बिचारा गाडी तर काढायचाच, वर हातही जोडायचा.

तिचे ठोकताळे आम्ही थट्टेवारी न्यायचो, पण ते लागूही पडायचे. आमचा एक लाइन सुपरवायझर फार ओरडायचा. मुली रडकुंडीला यायच्या. आक्का म्हणायची, "वरडणारा माणूस सहाव्या भागात मऊ पडतोय. दम धरा." महिन्याभरात सोनालीचा हात कटरने कापला, तर त्याच माणसाने रुमाल फाडून बांधला आणि कुणाची वाट न बघता तिला आपल्या मोटरसायकलवरून दवाखान्यात नेलं. परत आला तेव्हा त्याचा शर्ट रक्ताने भरला होता. आक्काने लाइनवरून नुसती सहा बोटं वर केली.

दुसऱ्यांचे भाग असे बोटावर सांगणारी ही बाई स्वतःचा भाग मात्र ओळखू शकली नाही.

एका दिवाळीनंतर आमच्या बसला नवीन ड्रायव्हर आला होता. नामदेव त्याचं नाव, पारगावचा. पन्नाशीला टेकलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सासरी. बोलायचा इतका कमी, की पहिल्या आठवड्यात सोनालीला तो मुका वाटला होता. सगळ्या बायका त्याला भाऊ म्हणायच्या. आक्का बॉनेटवर बसून कथा रंगात आली की म्हणायची, "अहो ड्रायव्हर, जरा हळू घ्या, डॉक्टर मरायला टेकलाय." तो मान हलवायचा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या रस्ता अडवून चालतात. पुढं मोकळा रस्ता दिसत असतानाही हा ट्रॉलीच्या मागं निवांत चालायचा, हंगाम संपला तरी त्याच वेगाने, आणि बस गेटवर पोचायला व कथा अवघड जागी थांबायला एकच गाठ पडायची. आम्ही म्हणायचो, माणूस भारी सांभाळून चालवतो.

राखीपौर्णिमेला कंपनीच्या बसमध्ये एक रीत आहे. सकाळी गाडी निघायच्या आधी बायका ड्रायव्हरला राख्या बांधतात. रोजचा जीव त्याच्या हातात, म्हणून. नामदेव सीटवर बसून हात पुढं करत होता आणि एकेकजण कुंकू लावून राखी बांधत होती. त्याचा हात कोपरापर्यंत रंगीत झाला. सगळ्यांत शेवटी आक्का आली. तिच्या एका हातात कुंकवाची डबी, दुसऱ्या हातात राखी.

नामदेवने हात मागं घेतला. "तुमची नको," तो म्हणाला.

 आक्काचा चेहरा पांढराफटक पडला. ती सत्ताविसाव्या वर्षी विधवा झालेली बाई. हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही, बारशाला मागं उभं केलं, हे सगळं तिने एकोणीस वर्षं गिळलेलं. तिने त्या दोन शब्दांचा अर्थ तोच घेतला जो आमच्या गावातली कुठलीही बाई घेईल. तिने डबी मिटली, मागं जाऊन शेवटच्या सीटवर बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. सोनाली जवळ गेली तर म्हणाली, "पांढऱ्या कपाळाच्या हातचं कुंकू नको त्याला. ऱ्हाऊ दे."

मला नामदेवचा असा संताप आला की सांगता सोय नाही. मी त्याला चार शब्द ऐकवायला उठलेही होते, पण त्याने गाडी सुरू केली.

आठ दिवस कथा बंद. आक्का शेवटच्या सीटवर तोंड शिवून बसायची. आणि त्याच आठ दिवसांत एक चमत्कारिक गोष्ट घडली: बस गेटवर रोज वीस मिनिटं आधी पोचायला लागली. वॉचमनने दोनदा विचारलं, "आज लवकर?" तिसऱ्या दिवशी गेटसमोर रिकामं उभं असताना सोनालीने अचानक माझा दंड धरला. "ताई, रस्ता तोच, गाडी तीच. म्हंजी आजवर ह्यो माणूस मुद्दाम हळू चालवत हुता?"

आम्ही सगळ्या एकमेकींकडं बघत राहिलो. तीस बायकांना एका क्षणात कळलं. कळलं नाही ते फक्त आक्काला, आणि तिला सांगायची कुणाची छाती होईना.

नवव्या दिवशी मुलींनी तिला ओढून बॉनेटवर बसवलं. "डॉक्टरचं काय झालं ते तरी सांगा," म्हणून मागं लागल्या. ड्रायव्हरकडं पाठ करून, मोठ्या नाराजीने आक्काने सुरुवात केली. भाग नेमका गैरसमजाचा होता. मंगल दाराआडून चेअरमनच्या पोराचं अर्धंच बोलणं ऐकते आणि पिशवी भरून निघून जाते. आक्काला या प्रसंगाचा नेहमीच राग यायचा. ती तावातावाने म्हणाली, "येडी हाय ती! चार भाग रडत बसंल, पर एका तोंडानं इचारायची न्हाई. आगं, इचार की त्याला, तू असं का म्हणला..."

आणि ती थांबली.

बस भीमेच्या पुलावर होती. आक्का बॉनेटवरच वळली. तिचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत आला. "राखी का न्हाई घेतली माझी?"

नामदेवने रस्त्यावरची नजर काढली नाही. पूल उतरताना त्याने गाडी आणखी हळू केली. मग म्हणाला, "तुमचा भाऊ व्हायचं न्हाई मला."

आक्का पुन्हा आमच्याकडं वळली. कानापर्यंत लाल झाली होती. तिने पदर सारखा केला, घसा साफ केला आणि म्हणाली, "आज एवढंच."

त्या दिवशी बसमध्ये जो ओरडा झाला, त्याने तळेगावच्या बाजारातली माणसं वळून बघत होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती स्टोअरमध्ये माझ्याजवळ येऊन बसली. "तू शिकल्याली हाईस म्हणून सांगती," ती म्हणाली. "मला व्हय म्हणायचंय. एकुणीस वर्षं झाली, घरात मला कुणी बस म्हणलं न्हाई गं. समदी म्हणत्यात उठ, हे कर, ते आण. ह्या माणसानं रोज माझ्यासाठी गाडी हळू चालवली." तिने डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. "पर सचिन तुटला तर मला जमायचं न्हाई. मला दोन्ही पाहिजेत."

सचिन तिचा मुलगा, चोवीस वर्षांचा, केडगावला ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये. नेमकी त्याचीच सोयरीक न्हावऱ्याला जमत आली होती. आईने सांगितल्यावर त्याने ताट सरकवलं. "आयं, लोक तोंडात शेण घालत्याल. माझं लगीन मोडंल." दुसऱ्या दिवशी आक्का बसमध्ये म्हणाली, "मालिकेत पोराची आई आडवी येती. आमच्यात सासू न्हाई, तर पोरगाच सासू झालाय." हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नव्हतं.

मग भावकी बसली. तिचे थोरले दीर मारुतीआप्पा तसे वाईट नव्हते. त्यांनी तोडगा काढला. "शेवंता, मी न्हाई म्हणत न्हाई. पर पोराचं होऊन जाऊ दे. सोयऱ्यांला कळता कामा न्हाई. वरीसभर तोंड मिटून ऱ्हा, मग बघू." हा तोडगा सगळ्यांना पटला. सचिनला पटला. नामदेवनेही निरोप दिला, "थांबू की. घाई काय हाय." खरं सांगायचं तर मीही तिला हेच सांगितलं. एवढी शिकलेली मी, पण मला याहून शहाणपणाचं काही सुचलं नाही.

आक्काने मान हलवली. "तुम्ही कुणी मालिका बघत न्हाई, म्हणून असं बोलताय," ती म्हणाली. "झाकल्यालं गुपित बाराव्या भागात फुटतंया. आन् फुटतं ते भर मांडवात, सगळ्यांम्होरं. मग त्यातून धा माणसांचं वाटूळं. मी शंभरदा बघितलंय. दर बारीला मी त्या मंगलला वरडून सांगती, आगं आत्ताच सांग. ती ऐकत न्हाई. मी तरी ऐकीन की न्हाई माझं?"

रविवारी मुलीकडचे घर बघायला येणार होते. तिने मला बोलावून घेतलं. मुलीचे वडील, दोन चुलते आणि मुलीची आजी असे चौघं आले. आजी ऐंशीच्या घरातली, काठी टेकत आली आणि भिंतीला पाठ लावून बसली. पाणी झालं. ऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. आत चुलीवर चहा उकळत होता. आमच्याकडं अशा वेळी चहा घेतला की निम्मी सोयरीक झाली, आणि न घेता उठले की संपलं, हे सगळ्यांना माहीत असतं. सचिन कपबशा लावत होता.

आक्का पदर खांद्यावर घेऊन बाहेर आली आणि उभी राहिली. "चहा व्हायच्या आधी एक सांगायचंय," ती म्हणाली. मारुतीआप्पांनी डोळ्यांनी खुणावलं, तिने बघितलं नाही. "मी लगीन करणार हाय. पारगावचा माणूस हाय, आमच्या बसवर ड्रायव्हर. अजून कायबी झाल्यालं न्हाई, पर हुणार हाय. तुमची पोर ह्या घरात यायची, तवा तुम्हाला आधी कळायला पायजे. नंतर म्हणू नका, झाकून ठिवलं. चालत असंल तर चहा घ्या. चालत नसंल तर माझा राग न्हाई. पोरगं माझं सोन्यासारखं हाय, त्याच्यावर राग काढू नका."

  चुलते एकमेकांकडं बघायला लागले. मुलीच्या वडिलांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत घातली. आतल्या दारात सचिन ट्रे धरून खांबासारखा उभा होता. 

आजीने काठी सरळ केली. "माणूस पितो का?"

"न्हाई."

"वरडतो का?"

"बोलतच न्हाई फार. आन् गाडी हळू चालवतो."

आजी लेकाकडं वळली. "मी बावीस वर्षांची रांडाव झाले. तुला बोट धरून वाढवला. मला कुणी इचारलं नव्हतं, आन् इचारलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं." मग तिने आक्काला खालून वर निरखून बघितलं. "जी बाई सोयऱ्याला चहाच्या आधी खरं सांगती, तिच्या घरात पोर द्यायला भ्या कशाचं? आन की गं चहा. मघापासनं घसा कोरडा पडलाय."

चहा सचिननेच आणला. पहिला कप त्याने आजीला दिला, आणि दुसरा आईला, पाहुण्यांच्याही आधी. आक्काने तो हातात घेतला आणि उभ्याउभ्याच प्यायली. "बस की," सचिन म्हणाला.

पाहुणे गेल्यावर आप्पा बाहेर ओट्यावर बसून स्वतःशीच हसत होते. आक्का मला निरोप द्यायला वेशीपर्यंत आली. मी म्हणाले, "आक्का, जिंकलात." ती म्हणाली, "बारावा भाग पयल्यातच उरकला गं. आता चौदाव्याची गरजच न्हाई ऱ्हायली."

पण सगळं एका कपात मिटत नाही. मार्गशीर्षात एका सुट्टीच्या दिवशी केडगावजवळच्या देवळात आक्काचं आणि नामदेवचं लग्न झालं. आम्ही बायका दोन जीप करून गेलो आणि हार कमी पडले एवढ्या जणींनी हार आणले. आक्काने हिरवा चुडा भरला होता. सचिन आला, पण देवळात शिरला नाही. बाहेर मोटरसायकलला टेकून उभा राहिला, आणि अक्षता पडल्यावर निघून गेला. नामदेवशी तो एक शब्द बोलला नाही. पुढं कितीतरी महिने बोलला नाही. आक्काने त्याला कधी हटकलं नाही आणि नामदेवनेही नाही. ती एवढंच म्हणायची, "सासू शेवटच्या भागात वळती. तिला घाई करायची नसती."

वैशाखात न्हावऱ्याला सचिनचं लग्न लागलं. मी तेव्हा नोकरी सोडून पुण्याला आले होते, पण त्या दिवशी हजर राहिले. आक्का जांभळ्या नऊवारीत, वरमाय म्हणून सगळ्यांच्या पुढं. न्हावऱ्याच्या बायकांनी तिचे पाय धुतले, ओटी भरली, कुणी मागं सर म्हणालं नाही. ती मुलीच्या आजीला हाताला धरून पंगतीत घेऊन चालली होती आणि दोघी शाळेतल्या मुलींसारख्या हसत होत्या. नामदेव मात्र मांडवाच्या टोकाला पाण्याच्या पिंपापाशी उभा राहून लोकांना पाणी देत होता. त्याने ती जागा स्वतःच निवडली होती.

अक्षता झाल्या. स्टेजवर फोटो सुरू झाले. फोटोग्राफर शिरूरचा होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याने कॅमेऱ्यातून डोकं काढून हाक दिली, "नवरदेवाचे आईवडील या."

आक्का एकटीच स्टेजवर चढली. फोटोग्राफर म्हणाला, "वडील?"  मारुतीआप्पा पुढं व्हायला लागले. सचिनने त्यांना हाताने थांबवलं, बाशिंग सावरलं, आणि स्टेजच्या कडेला येऊन त्या पिंपाच्या दिशेने जोरात ओरडला, "अहो, त्यो तांब्या द्या कुणाकडं तरी. चला की वर, फोटो खोळंबलाय."

नामदेवने तांब्या ठेवला. ओले हात शर्टाला पुसत तो सगळा मांडव चालत आला. सचिनने त्याला आईच्या बाजूला उभं केलं, त्याची टोपी सरळ केली आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला. बसमधल्या बायका एका कोपऱ्यात एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्याने रडत होत्या. त्यांच्यात मीही होते.

"आई, जरा हसा," फोटोग्राफर म्हणाला.

"हसतीच हाय की रं," आक्का म्हणाली. "ह्याच्यापरीस जास्त हसले तर दात पडत्याल."

त्यानंतर माझं तिकडं जाणं झालं नाही; तिला मी शेवटचं पाहिलं ते तिथं, भर दुपारच्या उन्हात, दोघांच्या मधे, तोंडभर हसताना.